तेल, एक रात

पुतणीच्या लग्नासाठी गेल्या मे महिन्यात बर्मिंगहॅमला जाणं झालं. तीन आठवडे राहिलो. लग्नाबद्दल लिहिणार नाही. लग्नं सगळीकडे सारखीच असतात आणि बिर्याणीवरून रुसणारेही. लिहायचं आहे ते लग्न आटोपल्यावरच्या चार दिवसांबद्दल. हे चार दिवस मी माझ्या चुलत भावाच्या घरामागच्या गॅरेजमध्ये, एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डखाली उताणा पडून काढले. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या, स्कूटरचा प्लग बदलायलाही गल्लीतल्या पोराला हाक मारणाऱ्या माणसाचं तिथे काय काम, असं कुणीही विचारेल. माझ्या बायकोने फोनवर तेच विचारलं.

गाडी माझ्या चाचांची. १९६६ सालची एमजीबी, दोन माणसांची, टप उघडणारी. आपल्याकडच्या मुलांना एमजी म्हटलं की गुजरातेत हालोलला बनणारी मोठी एसयूव्ही आठवते. नाव तेच, पण आज ते एका चिनी कंपनीच्या मालकीचं आहे. मुळात एमजी म्हणजे ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरं. एमजीबी हे मॉडेल १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघत होतं, पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. इंग्लंडमधल्या नोकरदार तरुणाने कर्ज काढून घ्यावी अशी ती होती. चाचांनी ती १९८७ साली एका शेजाऱ्याकडून जवळजवळ भंगाराच्या भावात घेतली.

चाचा मूळ आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले, मग मुंबईला एका गॅरेजात लागले आणि १९६६ मध्ये इंग्लंडला गेले. एमजीबीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा ते हसले होते म्हणे. आत ओळखीचा माणूस भेटावा तसं इंजिन! आपली अ‍ॅम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच भारतीय आवृत्ती. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली, बीएमसीच्या बी-सीरिजमधली. मुंबईत ज्या इंजिनावर हात काळे केले त्याचाच थोरला भाऊ बर्मिंगहॅमच्या थंडीत भेटला. ही गोष्ट चाचा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. मी ती चारदा तरी ऐकली असेन, तेव्हा चहाकडे लक्ष देऊन.

तीन वर्षांपूर्वी चाचा अल्लाहला प्यारे झाले. गाडी भाईकडे आली. भाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, तिथेच जन्मलेला. घरात कोकणी बोलतो, हिशेब इंग्रजीत करतो. अलीकडे गाडीच्या आरपीएमचा काटा उड्या मारायला लागला होता, मीटरमधले दिवे मधूनच जात होते आणि डॅशबोर्डच्या मागच्या वायरींचं आवरण हात लावला की पापडासारखं तुटत होतं. डॅशबोर्ड पूर्ण खाली उतरवून वायरिंगचा अख्खा जुडगा बदलायचा, असं त्याने ठरवलं. खालून टॉर्च मारून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक वायरीला कापडी चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळलेला आणि त्यावर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं. उर्दू लिपीत. भाईला कुरआन वाचता येतो, पण घाईघाईची, जेर-जबर नसलेली हाताची उर्दू वाचता येत नाही.

म्हणाला, “सर, तुझा काय उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, पण बस खाली.”

तो मला सर म्हणतो, चेष्टेने.

आता थोडं कामाबद्दल. या गाडीचा डॅशबोर्ड लाकडाचा नाही. पत्र्याचा आहे, त्याला काळा, सुरकुतल्यासारखा रंग. वरच्या कडेला फोम भरलेली रेक्झिनची गादी. आमच्यासारख्यांना वाटतं की मीटर समोरून बसवलेले असतात आणि समोरूनच निघतात. नाही. प्रत्येक मीटर मागून एका यू आकाराच्या पट्टीने पत्र्याला आवळून धरलेला असतो. त्या पट्टीचे नट खाचांचे, पाना न लावता बोटांनी फिरवायचे असतात, कारण तिथे पाना शिरतच नाही. बोटंही अर्धीच शिरतात. स्पीडोमीटरला मागून केबल येते, तिचं टोपण फिरवून सोडवायचं. शिवाय ट्रिपचे आकडे शून्य करायची वेगळी बारीक केबल. हीटरचे खटके ओढून निघत नाहीत. त्यांच्या दांड्यावर बाजूला एक सूक्ष्म भोक असतं, त्यात टाचणी घालून आतला खिळा दाबला की खटका अलगद हातात येतो. ज्याला हे माहीत नाही तो पकड लावतो आणि खटका फोडतो. बाजारात मिळणाऱ्या जुन्या गाड्यांचे निम्मे खटके असेच फुटलेले असतात, असं भाई म्हणाला.

सगळ्यात आधी बॅटरी सोडवायची. मी माझं ज्ञान पाजळलं की मायनस आधी. भाई हसला. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत प्लसची तार बॉडीला जोडलेली असते, आपण शिकलो त्याच्या नेमकी उलट. बॅटऱ्याही दोन, सहा-सहा व्होल्टच्या, सीटच्या मागे खाली लपवलेल्या. तिथल्या जाड तारेवर चाचांची पहिली चिठ्ठी मिळाली. मी वाचली: “बॉडी. ह्यो आधी.”

भाषा कोकणी, लिपी उर्दू. शाळेत चाचांना कुणी असं लिहायला शिकवलं नव्हतं. शाळेत शिकवलेली उर्दू वेगळी होती, आजही वेगळी आहे. मी शिकवतो तीच.

मग दोन दिवस आमचं काम असं चाललं. भाई एक एक जोड सोडवायचा, मी टॉर्च धरून चिठ्ठी वाचायचो, तो इंग्रजीत नवीन पट्टीवर लिहून चिकटवायचा, मोबाइलवर फोटो काढायचा. स्क्रू आणि वाटीच्या आकाराचे छोटे वायसर अंड्यांच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खळग्यात एका जागेचे. स्टीअरिंगचा दांडा सैल करून खाली घेतला. दारांच्या आतली रेक्झिनची आवरणं उतरवली, पायांजवळचे पुठ्ठे काढले. ट्रिमचं काम दिसायला सोपं आणि करायला किचकट, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. जुना पुठ्ठा घाई सहन करत नाही, एवढंच.

चिठ्ठ्या का लागल्या असतील, हा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला होता. इंग्लिश गाड्यांच्या वायरींना तर रंगांची ठरलेली भाषा आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून गेलेली, निळी म्हणजे मोठे दिवे, लाल म्हणजे बारीक दिवे, काळी म्हणजे बॉडी. एकदा हे पाठ झालं की त्या काळातली कुठलीही इंग्लिश गाडी वाचता येते. पण डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि उत्तर मिळालं. पन्नास-साठ वर्षांत पांढरी वायर मळून तपकिरी झालेली असते, तपकिरी काळी, जांभळीचा रंग सांगताच येत नाही. रंग पुसट झाले की ज्याने आधी उघडलं होतं त्याचा शब्द उरतो. चाचांनी १९८७ मध्येच हे ओळखलं असावं.

आरपीएमच्या मीटरची चिठ्ठी तर मी जपून ठेवली आहे. या मीटरला इग्निशनची पांढरी वायर जोडलेली नसते. ती मीटरच्या पाठीवरच्या एका ठोकळ्यातून वळसा घेऊन पुढे जाते आणि तिच्यातून वाहणाऱ्या विजेच्या ठोक्यांवरून मीटर इंजिनचे फेरे मोजतो. वळसा उलट दिशेने घातला तर गाडी व्यवस्थित चालते, काटा मात्र हलत नाही. चाचांनी वायरीवर बाण काढून लिहिलं होतं: “हितून आत.” दोन शब्द आणि एक बाण. जुन्या गाड्यांच्या माहितीपुस्तकांत खोलण्याच्या पायऱ्या सविस्तर दिलेल्या असतात, आणि परत बसवण्याबद्दल अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं की हीच कृती उलट क्रमाने करा. मी भाषेचा माणूस, मला ती अर्धी ओळ खोटी वाटते. खोलताना वळसा कुठल्या बाजूने होता हे पाहून ठेवलंच नसेल, तर उलट क्रम आणायचा कुठून? मुलांकडून कवितेचं रसग्रहण करून घेतो तेव्हा आम्हीही असंच करतो म्हणा. प्रतिमा वेगळ्या, अलंकार वेगळे, वृत्त वेगळं, सगळं ट्रेमध्ये. कविता परत बसवून कुणी वाचत नाही. पण तो विषय वेगळा.

आता माझ्या हातून झालेली चूक.

या गाडीत पाण्याचं तापमान आणि ऑइलचा दाब दाखवणारा एकच जोड-मीटर आहे, स्मिथ्सचा. वरच्या अर्ध्यात एक काटा, खालच्या अर्ध्यात दुसरा. गंमत म्हणजे या दोन्हींना वीज लागत नाही. दाबाच्या काट्यासाठी इंजिनातलं ऑइल खरोखरच एका नळीतून मीटरपर्यंत येतं. तापमानासाठी केसासारखी बारीक, सीलबंद नळी आहे, तिच्यात ईथर भरलेलं. नळीच्या एका टोकाला बल्ब, तो इंजिनच्या हेडमध्ये पाण्यात बुडालेला. पाणी तापलं की ईथरचा दाब वाढतो आणि काटा ढकलला जातो. मुद्दा असा की ही नळी मीटरपासून वेगळी होत नाही. मीटर बाहेर काढायचा तर हेडमधला बल्ब सोडवून, ती सगळी नळी पत्र्याच्या भिंतीतल्या भोकातून ओढून केबिनमध्ये घ्यावी लागते. नळी कापली, चिरली किंवा पिळवटून तुटली की ईथर उडून जातं आणि मीटर मेला.

बल्ब हेडमध्ये धरून ठेवणारा नट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि गंजाने आतल्या बाहीला चिकटून बसतो. नट फिरवला की त्याच्याबरोबर बाहीही फिरते, आणि बाहीबरोबर नळी.

तिथेही चाचांची चिठ्ठी होती, नळीला गुंडाळलेली. इंजिनच्या शेजारी असल्याने करपून तपकिरी झालेली. मी चष्मा पुसून पाहिलं. तीन शब्द होते. मधला “एक” स्पष्ट होता, शेवटचा उडालेला. पहिल्या शब्दाचे नुक्ते गेले होते, नुसता सांगाडा शिल्लक. मराठी वाचकांसाठी सांगतो, उर्दूत त, न, ब, प ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आली की त्यांचा आकार एकच असतो, फरक फक्त वरच्या-खालच्या टिंबांचा. टिंबं गेली की अक्षर मुकं. मी दोन दिवस वायरींचे रंग वाचत होतो, डोक्यात रंगच भरले होते. मी म्हणालो, “नील. एक. म्हणजे निळी वायर एक, असं काहीतरी असेल.”

भाई म्हणाला, “इथे निळी वायर कुठे आहे?”

नव्हतीच. निळ्या वायरीचा त्या जागेशी काही संबंध नव्हता. एवढं त्याला दिसलं, मला दिसायला हवं होतं. मी म्हणालो, जुनी काहीतरी नोंद असेल, पुढे चल. त्याने पाना लावला. नट फिरला, आणि त्याच्याबरोबर नळीने पीळ घेतला. तिच्यावरची तारेची वेटोळी आधी उघडली, मग नळी मोडली. आवाजसुद्धा आला नाही.

रात्री जेवताना मला कळलं. नील नव्हे, तेल. सांगाडा तोच, वर दोन टिंबं, खाली दोन टिंबं. तेल, एक रात. नटावर तेल सोड आणि रात्रभर थांब.

वीस वर्षं मुलांना सांगतो की नुक्ता म्हणजे शोभा नव्हे, नुक्त्यात अर्थ असतो. परीक्षेत नुक्ता विसरला की अर्धा गुण कापतो. आणि गॅरेजात चार टिंबांनी माझाच गुण कापला. भाई काही बोलला नाही. चाची मात्र म्हणाली, “त्येंना सगला ठाव होता, तुमी इचारला कदी?” ते खरं होतं. चार वेळा ऐकलेल्या अ‍ॅम्बेसेडरच्या गोष्टीनंतर मी पाचवा प्रश्न कधी विचारला नव्हता.

चाचांच्या पिढीतल्या आणि आजच्याही आपल्या कितीतरी माणसांना हातांतून येणारं ज्ञान आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिमांचं प्रमाण नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त असल्याचं नोंदवलं आहे. पण आकडे बाजूला ठेवा, आपल्या मोहल्ल्यात फिरून या. गॅरेज, वेल्डिंग, कुलूप-चाव्या, गादीकाम, शिलाई, फ्रिज-एसी. या कामांतलं बहुतेक सगळं शहाणपण तोंडी आहे आणि माणसाबरोबर जनाज्यात जातं. लिहिता येत नाही म्हणून जातं असं आपण म्हणतो. माझं मत वेगळं आहे. लिहिता येतं. सातवी, दहावी झालेली माणसं आहेत ही. पण आपलं काम ही लिहिण्याजोगी गोष्ट आहे असं त्यांना कुणी सांगितलंच नाही. न सांगणाऱ्यांत मी आहे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला ‘माझी सुट्टी’ हा निबंध दिला होता. एका मुलाने दोन पानं भरून मामाच्या गॅरेजात रिक्षाची क्लच प्लेट कशी बदलली ते लिहिलं. केबल आधी सोडवायची का नंतर, कुठला स्क्रू हरवतो, हाताला ग्रीस लागलं की कशाने निघतं. व्याकरण यथातथा. मी लाल पेनने “विषयांतर” लिहिलं आणि दहापैकी चार दिले. त्याच दिवशी एका मुलीला आठ दिले, तिने महाबळेश्वरच्या धुक्याचं वर्णन केलं होतं. ते वर्णन गाइडमधलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तो मुलगा पुढे दहावीनंतर दिसला नाही. गॅरेजातच असेल. आणि त्याच्या कामाबद्दल त्याने आयुष्यात लिहिलेली बहुधा ती दोनच पानं, त्यांच्यावर माझा लाल शेरा.

बीएड करताना पाठ-टिपण काढायला शिकलो होतो. उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. कृती हा शब्द तिथे रोज होता. पण तो शिक्षकाच्या कृतीसाठी होता, मुलाच्या हातांसाठी नव्हे.

हे मी स्टाफरूममध्ये बोललो तेव्हा एका सहकाऱ्याने लगेच अडवलं. म्हणाले, “सर, आपल्या पोरांना गॅरेजातून बाहेर काढायचं का गॅरेजावर निबंध लिहायला लावायचे?” हा आक्षेप हलका नाही. मीही पालकसभेत हेच सांगत आलो आहे की मुलाला कामाला लावू नका, शाळेत पाठवा, आणि यापुढेही सांगेन. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची जागा गाडीखाली नाही. पण गॅरेजातून बाहेर काढायचं म्हणजे गॅरेजात जे आहे ते अज्ञान समजायचं, हे मला आता पटत नाही. बर्मिंगहॅमच्या त्या डॅशबोर्डमागे सातवी पास माणसाने लिहिलेलं जे सापडलं, ते नेमकं होतं, क्रमाने होतं, आणि पुढच्या माणसाचा विचार करून लिहिलेलं होतं. माझ्या बीएडच्या वहीत या तिन्ही गोष्टी एका पानावर सापडणार नाहीत.

दुसरा आक्षेप तरुणांचा: आता सगळं व्हिडिओवर आहे. आहे. भाईनेही एमजीबीचा डॅशबोर्ड उतरवायचे तीन व्हिडिओ पाहिले होते आणि तिघांनी त्या नटाबद्दल सावध केलं होतं, हेही कबूल करतो. ते ऐकलं असतं तरी नळी वाचली असती. पण व्हिडिओ एमजीबी नावाच्या गाडीबद्दल असतो. चिठ्ठी या गाडीबद्दल होती. या गाडीचा नट एका रात्रीत सुटतो हे चाचांनी स्वतः एकदा केलेलं होतं, एरवी ते लिहिलं नसतं.

आणि लिपीचं काय? यावर भाईशी माझा वाद झाला आणि मी हरलो. मला वाटत होतं नवीन पट्ट्यांवरही उर्दूत लिहावं, निदान दोन्ही लिपींत. तो म्हणाला, “पुढे ही गाडी माझा मुलगा उघडेल, नाहीतर कुणी गोरा विकत घेईल. वाचणाऱ्याला कळेल असं लिही, असं तूच म्हणतोस ना?” उत्तर नव्हतं. चाचांनी उर्दूत लिहिलं ते उर्दूवरच्या प्रेमामुळे नव्हे, त्यांच्या हाताला तीच लिपी सोपी होती म्हणून. कोकणीतच विचार करत होते, म्हणून भाषा कोकणी. आपल्याकडे भाषेचा अभिमान पुष्कळ. मुशायऱ्याला गर्दी होते, मराठी भाषा दिनाला भाषणं होतात, दोन्हीकडे मी असतो. पण भाषा जिवंत आहे का हे तपासायचं तर मंचावर जायची गरज नाही. रोजच्या कामात हाताशी पेन असलं की माणूस कुठल्या भाषेत चार शब्द लिहून ठेवतो, ते पाहावं. आमच्या भागातल्या गॅरेजांत भिंतीवर आजही खडूने फक्त मोबाइल नंबर लिहिलेले असतात.

नवीन वायरिंगचा जुडगा आला, त्याचे रंग चकाकत होते. आता जुन्या चिठ्ठ्यांची गरज उरली नव्हती. भाईच्या ओळखीचे एक जुन्या गाड्यांचे शौकीन गृहस्थ येऊन म्हणाले की ती घाण काढून टाका, गाडी कारखान्यातून आली तशी दिसली पाहिजे. मला राग आला. कारखान्यातून आली तेव्हा ही गाडी एका अनोळखी माणसाची होती. भाईने चिठ्ठ्या सोलून एका वहीत चिकटवल्या, प्रत्येकीखाली जागा लिहिली. वाचन मी सांगितलं. मोजून एकतीस निघाल्या. “तेल, एक रात” वर मी बारीक पेनाने चार टिंबं परत दिली. उडालेल्या शब्दाला हात लावला नाही.

मीटर दुरुस्तीला पाठवावा लागला. तिथे अजून असे कारागीर आहेत जे जुनी नळी काढून नवी जोडतात आणि ईथर भरून परत सीलबंद करतात. मी निघालो तेव्हा डॅशबोर्ड जागेवर होता, त्यात एक गोल भोक होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर नववीला गृहपाठ दिला: घरातल्या एका माणसाचं काम पाहा आणि ते दुसऱ्याला करता येईल असं लिहा. उर्दूच्या वर्गाला उर्दूत, मराठीच्या वर्गाला मराठीत. फार काही चमत्कार झाला नाही. निम्म्यांनी “माझे वडील खूप कष्ट करतात” अशी पानं भरली. दोघांनी मोबाइलवरून उतरवून आणलं. एका मुलीने मात्र आईच्या शिलाई मशीनची बॉबिन अडकते तेव्हा काय करायचं ते लिहिलं, सात ओळी. चौथी ओळ होती की या वेळी आईशी बोलू नये. एका मुलाने जाळं शिवायची गाठ लिहायचा प्रयत्न केला, तीनदा खोडलं, शेवटी चित्र काढलं. मी चित्राला गुण दिले. परीक्षेच्या नियमांत ते बसत नाही, म्हणून ते वहीतच राहिले.

ऑगस्टमध्ये भाईचा व्हिडिओ कॉल आला. मीटर दुरुस्त होऊन आला होता, बसवला होता, पाण्याचा काटा छान चढत होता. त्याने फोन खाली वळवला. त्याच्या पँटवर गुडघ्यापासून खाली काळं ऑइल होतं. दाबाच्या नळीच्या टोकाला, मीटरला जिथे ती जोडतात तिथे, आत चामड्याचा एक चिमुकला वायसर असतो. तो गॅरेजच्या खिडकीत, बाटलीच्या झाकणात, आम्ही मे महिन्यात ठेवला होता तसाच होता. वहीतली अकरावी चिठ्ठी. मी स्वतः वाचून दाखवली होती, त्याने इंग्रजीतही लिहून घेतली होती: “चामडा इसरू नको.”